आईच्या मातीचं जेवण

अमेरिकेतल्या सव्हाना शहराच्या भर बाजारात, आइस्क्रीमच्या रांगेत अर्नेस्टीन सुजलेले पाय आलटूनपालटून टेकवत उभी होती. तिच्या पुढे दमलेले बहीणभाऊ होते, दोघंही साठीचे. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"चार हॉटेलं झाली, ऑर्विल. एकाही ठिकाणची कोलार्डची पालेभाजी तोंडात धरवली नाही."

"तिसरीकडची बरी होती की, ताई."

"साखर होती तीत! उद्या आईला पुरून आल्यावर सगळं चर्च जेवायला बसणार. त्यांना असलं वाढू?"

"कुणाला काय कळतंय."

"चाळीस वर्षं चर्चमधल्या प्रत्येकाच्या मातीचं जेवण तिनंच रांधलं. पोराटोरांनासुद्धा कळेल."

रांग जराशी सरकली.

"ताई, एक सांगू? ओरडू नकोस."

"ओरडायला अंगात त्राण कुठंय?"

"आईचा फ्रीझर तिच्या हातच्या कोलार्डच्या भाजीच्या डब्यांनी भरलाय. वर चिठ्ठी आहे. 'माझ्या दिवसासाठी. नुसती गरम करा. साखर घालाल तर याद राखा.'"

"कधी सापडली?"

"काल."

"काल! मग आज दिवसभर मला उन्हातान्हात कशाला वणवण फिरवलंस, मेल्या?"

"वाढली की ती संपेल ना, ताई."