लाट जाऊ दे

…आणि वर सभागृहाचे चिटणीस मला म्हणतात, भाषण दोन मिनिटांत आटपा! आमच्या सभागृहाचा अख्खा इतिहास दोन मिनिटांत! अहो, तुम्हाला सांगतो, नुसता पडदा वर जायला आमच्याकडे त्याहून जास्त वेळ लागायचा, अर्ध्यावर अडकायचा, मग सुतार शिडी घेऊन यायचा, प्रेक्षक त्यालाच टाळ्या द्यायचे, आणि तोही वाकून नमस्कार करायचा!

मुळात ते मासळीसाठी बर्फ साठवायचं गोदाम. पुढे सुट्टीला माणसं येऊ लागली. समुद्र बघून बघून किती बघणार? संध्याकाळी करायचं काय? म्हणून गावाने बर्फ काढला आणि खुर्च्या मांडल्या. तिथेच लग्नं, तिथेच मतदान, वादळ आलं की सगळं गाव गाद्या घेऊन तिथेच… आणि नाटकं! पण मागची भिंत थेट पाण्यावर. भरतीला लाट आपटली की संवाद गेला वाहून! म्हणून आम्हा नटांची एक रीत होती. लाट आली की आहे त्या शब्दावर थांबायचं. मरणारा मरता मरता थांबायचा. लाट जाऊ दे, मग मर!

आणि नेमकं त्या आवाजात, पडद्याआडच्या स्टुलावरून, पुढचं वाक्य द्यायची माझी बायको. खणखणीत द्यायची, पण प्रेक्षकांना कधी म्हणून ऐकू आली नाही. आमचे कायमचे नायक, त्यांना गावात ‘राजे’च म्हणतात, कारण राजाशिवाय दुसरं काम त्यांनी घेतलंच नाही, त्यांना तर एक वाक्य पाठ नसायचं. विंगेत म्हणायचे, “वहिनी, पाठांतर तुमचं, मिशा माझ्या!”

घरीसुद्धा तेच हो, घरही पाण्याला लागूनच! भांडणात मी अडखळलो, की लाट गेल्यावर हीच मला वाक्य द्यायची. “अहो, ‘तुझ्या माहेरी हेच शिकवलं का’ असं म्हणायचंय तुम्हाला. म्हणा आणि आटपा, दूध उतू जातंय!” आता सांगा, अशा बाईशी भांडायचं कसं?

गेल्या वर्षी गेली ती… लाट जाऊ दे.

तर सभागृह नवं झालं, उद्घाटन ठरलं. मी म्हटलं, इतिहासात तिच्याबद्दल एक वाक्य घालतो. एकच! चिटणीस म्हणतात, “साहेब, देणगीदारच मावत नाहीत. आणि वहिनींचं काम चांगलंच हो, पण ते कुणाला ऐकू कुठे गेलं?” अरे बाबा, ऐकू गेलं नाही, हेच तर तिचं काम होतं!

उभा राहिलो. बर्फ झाला, खुर्च्या झाल्या, वादळ झालं, देणगीदार झाले. मग म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते. “आणि या रंगमंचावर, पडद्याआड, इतकी वर्षं…” आणि थांबलो. सवयीने! भरतीची वेळ होती हो! पण भिंती नव्या, आवाजबंद. लाट येईच ना! आणि आलीच नाही, तर गेली हे मला कळणार कसं? मी आपला उभा… चिटणीसांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या सुरू केल्या!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून राजे काठी आपटत उठले. “थांबा हो! त्याची लाट जाऊ दे!” टाळ्या बंद. मग माझ्याकडे बघून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा कुजबुजीत, “‘माझी बायको बसायची.’ म्हण! ‘तिने सांगितलं, तेच आम्ही बोललो.’ म्हण रे!”

म्हटलं मी. शब्दन्शब्द. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा राजांना वाक्य पाठ होतं, आणि तेही माझं!

चिटणीसांनी नंतर हात जोडले. “साहेब, तुमचंच खरं.” जिंकलो की! घरी येऊन मोठ्याने सांगितलं, “बघ, नेहमी म्हणायचीस ना, कशाला माझं नाव, उगीच…” आणि थांबलो. आमच्या भिंती जुन्याच, लाट व्यवस्थित आली. गेली. पुढचं वाक्य काही आलं नाही.

हल्ली असंच आहे. घरातलं प्रत्येक भांडण मीच जिंकतो… आणि दूध रोज उतू जातं.