रुखवतातला कॉम्प्युटर

(कैरो. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. काउंटरमागे दुकानदार वजीह. समोर नर्मीन, जिचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, आणि तिची आई इनशिराह, जिला दुकानदार वडीलधारी म्हणून ‘हाज्जा’ म्हणतो.)

इनशिराह : पंखे बारा द्या.

वजीह : हाज्जा, या कॅबिनेटमध्ये तीनच बसतात.

इनशिराह : तीन? मुलीला सासरी पाठवताना तीन वस्तू कुणी देतं का? आमच्याकडे सगळं डझनात जातं. टॉवेल डझनात, अभ्रे डझनात. आणि त्या पट्ट्या कसल्या म्हणालात?

वजीह : रॅम.

इनशिराह : त्याही बारा.

नर्मीन : आई, दोन लागतात. जास्त बसवायला जागाच नाही.

इनशिराह : मग उरलेल्या फळीवर मांडू. सासरच्या बायका सामान बघायला येतात ना, त्या मोजतात, बाई! तुझ्या आत्याच्या सुनेचा एक चमचा कमी भरला, तर अजून बोलतात.

वजीह : तुम्हीच सांगा, नर्मीनबाई. पैसे थोडे आहेत, मग खर्च कशावर करायचा?

नर्मीन : ग्राफिक्स कार्डावर. खेळ त्याच्यावरच चालतो. पॉवर सप्लाय भरवशाचा, प्रोसेसर मधला, कॅबिनेट साधं पत्र्याचं.

इनशिराह : पत्र्याचं? अगं, सामानाचा ट्रक निघतो तेव्हा सगळी गल्ली बाल्कनीत उभी असते. म्हणतील, इनशिराहने पोरीला तुपाचा डबा दिला!

नर्मीन : आपलं ठरलं होतं. मला काचेची शोकेस नको, चिनी मातीचा सेट नको. त्या पैशात कॉम्प्युटर.

इनशिराह : मी शब्द फिरवलाय का? शोकेसच्या जागी हा आला. मग हा शोकेससारखा दिसायला नको? अहो, ते वरचं काय, काचेचं, दिवे लागलेलं?

वजीह : ते भारीतलं कॅबिनेट, हाज्जा. दिव्यांचा रंग बदलतो.

इनशिराह : अगंबाई! सोनेरी होतो?

वजीह : होतो की.

इनशिराह : बघ! तुझ्या सासूच्या शोकेसमध्ये एकच पिवळा बल्ब आहे, तोही मिणमिणतो. हेच बांधा.

नर्मीन : हे घेतलं तर कार्डाला पैसे उरत नाहीत.

इनशिराह : कार्ड आतच असतं ना? आतलं कोण बघतंय?

वजीह : काच आहे, हाज्जा. दिसतं.

नर्मीन : तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

वजीह : मी फक्त काचेबद्दल बोललो.

इनशिराह : दिसतं? मग मोठं दाखवा. हे काय एवढंसं! ते भिंतीवर टांगलंय ते काढा, तीन पंख्यांचं.

वजीह : ते जळलेलं आहे. शोभेला टांगलंय.

इनशिराह : मलाही शोभेलाच हवंय. केवढ्याला?

वजीह : ते विकायचं नाही हो... आता तुम्ही म्हणतच असाल तर, किरकोळ पैशात देईन.

नर्मीन : आई, ते चालत नाही!

इनशिराह : माझ्या शोकेसमधला चहाचा सेट कधी चालला? लग्न होऊन आले तेव्हापासून त्यात थेंब ओतलेला नाही. तुझा बाप बिचारा जन्मभर साध्या ग्लासातून प्यायला.

वजीह : आमच्याकडे तेच. मी एकदा त्यातली एक बशी घेतली, तर बायकोने आठवडाभर अबोला धरला.

इनशिराह : शहाणी आहे.

वजीह : मग असं करा ना, हाज्जा. कार्ड जळलेलं घेताच आहात, तर बाकीचं तरी चालू कशाला? माझ्याकडे एक मेलेला मदरबोर्ड पडलाय, अगदी चकचकीत...

नर्मीन : अहो!

वजीह : माफ करा. माझ्याही मुलीचं लग्न ठरलंय, पैसे जमवतोय. डोकं तिकडे गेलं.

नर्मीन : म्हणजे मेलेला कॉम्प्युटर मांडायचा, आणि मी समोर बसून काय करू? फडक्याने पुसू?

इनशिराह : पुसायचा. दर गुरुवारी. मी काय करते?

नर्मीन : आणि मेधतशी बोलू कुठून?

इनशिराह : तुझ्या भावाचा इथे काय संबंध?

नर्मीन : दर शुक्रवारी आम्ही खेळतो. तो मिलानमधून, मी आपल्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून. लग्नानंतर मला कॅफेत कोण जाऊ देणार?

इनशिराह : माझ्याशी बोलतो की तो फोनवर.

नर्मीन : काय बोलतो?

इनशिराह : बरा आहे म्हणतो. जेवलो म्हणतो.

नर्मीन : हात गुंतलेले असले की त्याचं तोंड उघडतं, आई. काम गेलं, एका खोलीत सहाजण झोपतात, तिथे राहायचे कागद अजून झाले नाहीत. लग्नाला येता येणार नाही हेही त्याने बंदूक भरता भरता सांगितलं.

इनशिराह : मला म्हणाला, तिकीट महाग आहे.

नर्मीन : तुला तो दुसरं काय सांगणार?

इनशिराह : ...आणि खेळता काय? एकमेकांना गोळ्या घालता?

नर्मीन : नाही गं, आम्ही एका बाजूला असतो. मी पडले की तो मागे वळून मला उचलायला येतो.

वजीह : चांगला आहे पोरगा. बाकीचे सरळ पळून जातात, हाज्जा.

इनशिराह : तुम्ही जरा गप्प बसा. उचलायला येतो?

नर्मीन : समोरून गोळीबार चालू असला तरी. मग दोघंही मरतो आणि हसत बसतो.

इनशिराह : हसतो तो?

नर्मीन : खूप.

इनशिराह : ते एवढंसं कार्ड द्या हो. चालतं ते. आणि पत्र्याचा डबा.

नर्मीन : आणि सासरच्या बायका?

इनशिराह : वरून भरतकामाचा रुमाल टाकीन.

वजीह : रुमाल नको, हाज्जा, तापेल.

इनशिराह : त्या गेल्या की काढेन. नर्मीन, त्या खेळात आणखी एका माणसाला जागा असते?

नर्मीन : असते. पण तुला कुठे येतंय?

इनशिराह : मला बंदूक देऊ नका म्हणावं. मी आपली त्याच्या मागे मागे चालेन.