बाटलीवरचं चित्र

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन शिक्षिका येऊन बसल्या. एक निवृत्त झालेली, दुसरी सध्या पहिलीचा वर्ग घेणारी.

"आजी शुद्धीवर आली का गं?"

"आली. धोका टळला म्हणाले. नात उशाशी बसलीय, हलायला तयार नाही."

"घरात दुसरं कुणी वाचणारं नाही?"

"नाही ना. औषधं हीच वाचून द्यायची. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार, बाई. पुस्तक कसं धडाधडा वाचायची!"

"पुस्तकातलं चित्र झाकून वाचून घेतलं होतंस कधी?"

"नाही. अक्षराला अक्षर जोडत बसवलं की पोरं कंटाळतात, असं मीच तुम्हाला ऐकवलं होतं."

"ते काही खोटं नव्हतं. माझी पोरं अख्खा धडा वाचायची आणि गोष्ट कशाची होती विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. एक तर म्हणाला, 'गोष्ट कुठली, बाई? मी अक्षरं वाचली.'"

"पण त्याने बाटलीवरचं नाव वाचलं असतं."

"हो. ते वाचलं असतं."

"मघाशी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तुझी काही चूक नाही गं. तर म्हणते, 'बाई, मी तुम्ही सांगितलं तसंच केलं.'"

"काय सांगितलं होतंस?"

"शब्द अडला की चित्र बघायचं."

"मग?"

"दोन बाटल्या होत्या, बाई. एक खोकल्याच्या औषधाची, एक गुडघ्याला चोळायच्या तेलाची. दोन्हींवर एकाच हिरव्या पानाचं चित्र."