गुर्जींचा सातवा रविवार

दामू : मारलीत ना गुर्जी तिला! पाठीतनं आरपार गळ घातलात, जगंल कशी?

गुरुजी : अरे, शेवटी मासाच खाणार ना तिला? जिवंत काय, मेलेली काय.

दामू : मेलेल्या चिंबोरीला शिंगाळा येतो. तुमाला तांबोशी पायजे, आन् ती मोठी नखऱ्याची. पाण्याखाली चालती-फिरती चिंबोरी दिसली तरच तोंड उघडते. ही टाका, टोपलीतली दुसरी घ्या. बारकी घ्या.

गुरुजी : घेतली. आता?

दामू : आता आदी डेंगे काढा, ह्या पुढच्या नांग्या, नायतर तुमचंच बोट धरंल. मोडू नका हां, मोडला तर रगत जातं. नुसता मुळाशी दाबून धरा. ती आपणच सोडून देते.

गुरुजी : आपणहून? एवढा मोठा डेंगा? अरेच्चा! सुटला की खरंच.

दामू : जीव वाचवायला देते. तिला नवा येतो परत. आता मागचा पाय बघा, वल्ह्यावानी चपटा. त्याच्या मुळाशी गळ घाला आन् टोक कवचीच्या काठातनं बाहेर काढा. आत नको, कडंकडंनं. हां! बघा, कशी पाय हलवते. फेका आता त्या दगडांकडं.

येसू : झाली का शाळा? चहा आणलाय. कोरा हाय.

दामू : ये गो, बस. गुर्जी आज पास झाले.

गुरुजी : पस्तीस टक्क्यांनी.

येसू : सातवा रविवार हाय गुर्जी. मी रोज चिखलात हात घालून चिंबोऱ्या काढते, तुमी रविवारी संपवता. मासा एक नाय. आन् मिळाला असता तरी काय उपेग? तुमी तर अंडं बी खात नाय.

गुरुजी : घरी वृंदाही हेच म्हणते. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, तुम्ही पेणहून पहिल्या एसटीनं गडबला चिंबोऱ्या मारायला जाता.

दामू : बाईंना ठाव हाय का, शिकवतो कोण ते?

गुरुजी : आहे तर. म्हणाली, तुमच्या वर्गातून पळालेलाच आता तुमचा वर्ग घेतोय. बरं झालं.

दामू : बाई हुशार हायत. गुर्जी, दोरीकडं बघा! नको, नको, ओढू नका!

गुरुजी : अरे, टकटक झाली ना!

दामू : गेली. काढा वर. हे बघा, अर्दी चिंबोरी. तांबोशी पहिलं दातानं कवच फोडून बघते. टकटक झाली की हात सोडून बसायचं. दोरी जड झाली की मंग ओढायचं. तुमाला नेमकी तेवढीच कळ निघत नाय.

गुरुजी : नाही निघत खरी.

येसू : मंग आता कशाला काढता कळ? काय बोलायचं ते बोलून टाका. गुरुवारी इटभट्टीचा टेम्पो येतोय आमाला न्यायला. पुढल्या रविवारी हितं कुत्रं बी नसंल.

गुरुजी : तुला कसं कळलं मला बोलायचंय ते?

येसू : न खाणारा माणूस सात रविवार मासे धरायला येतो. आन् दर खेपेला जाताना इचारतो, तुमची भाग्यश्री अभ्यास करते ना? मी काय येडी हाय?

गुरुजी : दामू, दुसरी चिंबोरी मीच लावून फेकतो, तू ऐक फक्त. हायस्कुलात मी फुकट गणित शिकवायला जातो, ते तुला माहीत आहे. नववीच्या वर्गात तुझी पोरगी सगळ्यांत पुढे आहे. मी उगाच सांगत नाही. गेल्या वर्षी ती तुमच्याबरोबर भट्टीवर गेली. पाच महिने वहीला हात नाही, तरी येऊन पास झाली. या वर्षी तसं जमणार नाही. आता गेली तर दहावीपर्यंत पोचायची नाही.

दामू : ठाव हाय.

गुरुजी : रोह्याच्या वसतिगृहात जाऊन आलो. दोनदा गेलो. जागा नाही. म्हणून म्हणतो, तुम्ही परत येईपर्यंत तिला आमच्याकडे राहू दे. आमची स्पृहा लग्न होऊन गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे.

दामू : नाय.

गुरुजी : एका दमात नाही म्हणालास?

दामू : एका दमात कुठं? तुमी सात रविवार गप होता, म्हणून मी काय इचार केला नाय? हिची बहीण पेणला एका घरात राहायला गेली होती. शाळेत घालतो म्हणाले. बारा वर्सं भांडी घासली तिनं. शाळेचं दार बघितलं नाय.

गुरुजी : मी तसा माणूस वाटतो तुला?

दामू : तुमी नाय. बाई बी नाय. पण माझी पोर सकाळी उठंल, कोणी न सांगता झाडू घेईल. तुमची ताटं उचलंल. परक्याच्या घरात आमची पोर बसून खायाची नाय गुर्जी. रक्तातच नाय ते. आन् एकदा झाडू हातात आला की तो सुटत नाय.

गुरुजी : खरं सांग. तू मला अजून माफ केलेलं नाहीस, म्हणून नाही म्हणतोस.

दामू : कशाची माफी?

गुरुजी : तिसरीत होतास. तुझ्या दप्तरातून चिंबोरी निघाली, बाकावरची पोरं किंचाळत पळाली, आणि मी तुझ्या हातावर वेताच्या छडीनं... बावीस वर्षांचा होतो मी, नवी नोकरी. त्या माराच्या भीतीनं तू शाळा सोडलीस.

दामू : माराच्या भीतीनं? बापाचा मार तुमच्यापरीस जाम होता. त्याला सोडून कुठं गेलो? नाय गुर्जी. दुसऱ्या दिवसापासनं मी रोज सकाळी त्या बांधावर येऊन बसायचो. एसटी थांबायची, तुमी उतरायचा, शाळेकडं चालायला लागायचा. वाटायचं, आज हाक मारतील. म्हणतील, दाम्या, चल. आठ दिवस बसलो. नवव्या दिवशी खाडीत उतरलो.

गुरुजी : मी बघायचो तुला.

दामू : काय?

गुरुजी : रोज बघायचो. बांधावर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेला. हाक मारायची लाज वाटायची. म्हणायचो, उद्या मारू. मग तू दिसेनासा झालास, आणि मला, काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं. महिन्याअखेरीस हजेरीतून नाव काढलं. ते मला अजून विसरता येत नाही.



येसू : गुर्जी, दोरी जड झाली.

गुरुजी : जाऊ दे तो मासा.

येसू : गेलाच. बरं, आता मी सांगते ते दोघांनी ऐका. पोर कुठंच जाणार नाय. ना भट्टीवर, ना पेणला. आपल्या खोपीत राहील, आपल्या खोपीतनं शाळेत जाईल. मी राहते तिच्यासंगं.

दामू : आन् जोडी? मुकादम नवरा-बायकोची जोडी घेतो. तू नसलीस तर मी चिखल कालवून देऊ कोणाला? इटा कोण पाडंल?

येसू : सुट्टा जा.

दामू : सुट्ट्याला ओझी वाहायला लावतात. दिवसभर डोक्यावर इटा.

येसू : ठाव हाय.

दामू : लग्न झाल्यापासनं एकटा नाय गेलो मी भट्टीवर.

येसू : ते बी ठाव हाय. दिनेश आन् सून हायत ना संगं? भाकरी देतील. हितं मी चिंबोऱ्या काढीन, बाजारात बसीन. तू नाय म्हणत असशील तर तसं सांग. गुर्जींच्या तोंडावर सांग.

दामू : नाय कुठं म्हणतोय?

येसू : मंग?

दामू : मंग काय. मुकादमाला सांगतो, एक माणूस कमी.

गुरुजी : मग माझं काय काम राहिलं यात? शिकवेन तर मी शिकवतोच आहे. आणखी काही सांग दामू. काहीतरी मला करू दे.

दामू : हाय की काम. पावसाळ्यापर्यंत मी हितं नसणार. कदी येसूला ताप येल, तवा पोर शाळा बुडवून खाडीत उतरंल. आईला सांगायची नाय, कोणाला सांगायची नाय. माझीच पोर हाय ती. वर्गात तिची जागा रिकामी दिसंल तुमाला.

गुरुजी : दिसली तर मी वाडीवर येईन. हाक मारीन तिला.

दामू : त्याच दिवशी या, गुर्जी.