विठाबाईचं जांभूळ

…आणि वर म्हणे अर्ज तीन प्रतींत आणा! तुम्हाला सांगतो, झाड माझं, जागा माझी, आणि परवानगी मात्र सरकारची! वलवणच्या रस्त्याला माझं किराणा दुकान, दारात जांभूळ, ते कौलांवर असं रेललंय जसा जावई सासुरवाडीच्या लोडाला… वारा सुटला की पाच कौलं खाली, आणि जांभळं पिकली की गिऱ्हाइकाचं पांढरं धोतर जांभळं! म्हटलं, तोडूनच टाकू. गेलो कचेरीत. कारकून चष्म्यावरून बघतो, "झाडाचं वय?" आता झाडाचं वय कोण लिहून ठेवतं हो? पण मला बरोबर आठवलं… लग्नाच्या वर्षी आमच्या मंडळींनी जांभूळ खाऊन बी अंगणात पुरली, वर मलाच दम, "पाय देऊ नका हं तिथं!" म्हटलं, तीस वर्षं. "लावलं कुणी?" विठाबाईनं. "मग त्यांची सही आणा." अहो साहेब, ती गेली गेल्या माघात, कुठून आणू सही? कारकुनानं चष्मा पुसला, शिक्का मारला, आणि लगेच, "पण तोडणारा लायसनवाला लागेल!" झाड माझं, जागा माझी…

जन्मभर झाडं तोडण्यात गेलेला ठाकरवाडीचा नवसू, त्याला कचेरीत नेला, अंगठा उठवून लायसन काढलं. म्हटलं सुटलो! कसला सुटतोय! नवसूनं सकाळी कुऱ्हाड बुंध्याला टेकवली आणि बसला बिडी ओढत. "अरे, घाव घाल ना!" "थांबा की शेट. सरकारला इचारलं, झाडाला कुनी इचारलं? सांजंपतोर कुऱ्हाड उभी ऱ्हायली तर झाडाचा होकार. पडली, तर न्हाई म्हंजी न्हाई." घ्या! ही आणखी एक कचेरी! आणि काय सांगू, सांजेला बघतो तर कुऱ्हाड आडवी! चार दिवसांनी पुन्हा टेकवली, पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा तेच! नवसूनं झाडाला हात जोडले, माझ्याकडं तिरपं बघितलं, "झाड लय हट्टी हाय शेट… का दुसरंच कोन?" तेवढ्यात महिन्याची मुदत सरली. परवान्याच्या कागदात काल जिरं बांधून दिलं.

कुऱ्हाड पडली कशी म्हणता? अहो, दुपारी गिऱ्हाईक नसतं, मी जरा सावलीत जाऊन बसतो, पाय लागतो… लागला तिन्ही वेळा, वय झालं आता माझं! कौलं? आणलीत की नवीन पाच. झाड माझं, जागा माझी, आणि परवानगी तिची… ती कसली देतेय!