काशिनाथदादांचं घर आणि आमची रविवारची फेरी

गावकरी मंडळी, रमेशदादा, सुमनवहिनी, आणि डोंबिवलीहून आलेले आमच्या फेरीतले सगळे सोबती,

देवळाच्या या मंडपात बोलायला मला सांगितलं, तेव्हा मी नको म्हणत होते. काशिनाथदादांबद्दल घरी बसून बोलणं सोपं आहे. इथे अवघड आहे. इकडे त्यांची माणसं बसलीत, तिकडे त्यांचं ऐकायला येणारे आम्ही. या दोघांच्या मध्ये दादांची शेवटची वर्षं कशी गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नीलिमा. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि रविवारी सकाळी लोकांना आसपासच्या जुन्या जागा दाखवायला लागले. कल्याणचा किल्ला, तलाव, आणि मग खाडीकाठचं हे गाव. इथली कौलारू घरं आमच्या लोकांना फार आवडायची. एकदा आम्ही असेच एका ओटीचे फोटो काढत होतो. आतून दादा आले.

“काय बगताव?”

म्हटलं, “जुनं घर बघतोय.”

“मना तं रोजचंच हाय,” म्हणाले, हसले, आणि चपला घालून आमच्याबरोबर चालायला लागले.

त्यानंतर फेरी त्यांचीच झाली. दादा सांगायचे. वडील मिठागरावर कसे जायचे, मिठाने पायांना कशा चिरा पडायच्या, आई भरतीची वेळ बघून चूल कशी पेटवायची. त्या मिठागरांवर आता टॉवर आहेत. त्या टॉवरमधली माणसंही ऐकायला यायची. दादांना हे आवडायचं. खरंच आवडायचं. वहिनी म्हणायच्या, रविवारी यांना चहा प्यायला वेळ नसतो.

मग घर बिल्डरला द्यायचं ठरलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, दादांनी विरोध करायला हवा. वाचनालयात सभा घेऊ, दादांना बोलायला उभं करू. मी त्यांना येऊन सांगितलं, “दादा, तुम्ही बोललात तर लोक ऐकतील.” ते एवढंच म्हणाले, “रविवारी सगल्यांना घरी आणा.”

आपण इतकी वर्षं ओटीवरूनच परत जायचो, आठवतंय ना? त्या दिवशी दादांनी आपल्याला पहिल्यांदा आत नेलं. मे महिना होता. मधल्या खोलीत आपण दाटीवाटीने बसलो. कोपऱ्यात खाटेवर त्यांची आई. गळणाऱ्या कौलांखाली बांधलेलं प्लास्टिक तसंच लोंबत होतं. पडद्यामागे दादांच्या भावाची, रमेशदादांची सून बाळाला पाजत होती. आपण आलो म्हणून तिला तिथून उठता येईना. आणि लगेच निघायचं कसं, म्हणून आपल्यालाही उठता येईना. कुणीतरी सवयीने मोबाईल वर केला.

दादा म्हणाले, “फोटू नको. बसा.”

बसलो. घामाने निथळत होतो. बऱ्याच वेळाने दादा बोलले. “हे घर पाडू नका, असं मी सभेत सांगीन. मंग ह्या पोरीला काय सांगू?”

 ती सभा झाली नाही.

दादांनी सही केली. रमेशदादा, रागावू नका, पण तोवर तुम्हाला वाटत होतं की बाहेरच्या माणसांच्या नादाने दादा अडून बसलेत. आणि सही झाल्यावर आमच्यातले काही म्हणाले, दादाही शेवटी बिल्डरचे झाले. दादांच्या कानावर दोन्ही गेलं. ते कुणालाच उलट बोलले नाहीत. त्यांनी भावाकडे फक्त ओटीचे दोन लाकडी खांब मागितले. नव्या बिल्डिंगमध्ये खाली लावू म्हणाले. रमेशदादांनी ते जपून ठेवलेत, या देवळामागेच आहेत. लावायला बिल्डिंग नाही.

घर पडलं. भोवती निळे पत्रे लागले. पाया खणला, आणि काम थांबलं. बिल्डर कोर्टकचेरीत अडकला. दोघे भाऊ विठ्ठलवाडीला भाड्याच्या खोल्यांत गेले. आई तिथेच वारली. पुढच्या दिवाळीला नव्या घरात, असं दर दिवाळीला म्हणत राहिले.

तरी दादा रविवारी रिक्षा करून यायचे. फेरी पत्र्यांपाशी आली की थांबायचे. पूर्वी तासभर बोलणारा माणूस. “इथं आमचं घर होतं,” म्हणायचे, आणि गप्प. नवीन आलेलं कुणीतरी विचारायचंच, “मग दिलं कशाला?”

दादा खाली बघायचे. मला ते सहन होईना. एकदा मी म्हटलं, “दादा, आपण रस्ता बदलू. फेरी मागच्या गल्लीने नेऊ.”

“नको,” म्हणाले. “मंग मी उभा कुठं राहू?”

आजारी पडले तेव्हा मी विठ्ठलवाडीला गेले. खिडकीला जाळी, आणि हाताच्या अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. दादा फेरीचंच विचारत होते. कोण कोण आलं, कुठपर्यंत नेलं.

मी म्हटलं, “पत्र्यांपर्यंत.”

“थांबलाव?”

“थांबलो.”

“मंग काय सांगितलं?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. वहिनींनी चहा आणला, औषधांचा विषय निघाला. पण मी निघेपर्यंत दादांची नजर माझ्यावरच होती. त्यांना ते ऐकायचं होतं.

परवाच्या रविवारी फेरी पुन्हा तिथे थांबली. दादा गेले, हे मी लोकांना सांगितलं. एका मुलीने हळूच तोच प्रश्न विचारला, मग दिलं कशाला? मला सांगता आलं नाही.

आज तुम्ही सगळे समोर आहात, तर बोलता बोलता काही उत्तर सापडेल असं वाटलं होतं. नाही सापडलं. म्हणून मी इथेच थांबते. दादा, तुम्हाला नमस्कार.

आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलायला नको. वहिनी बसतील, तेव्हा आपणही बसू.