बुंदी वाढणाऱ्याला सजा

आता मला सांगा, जो माणूस भर दुपारी माझ्या पानात बुंदी वाढून राह्यलाय, तोच माणूस त्याच टायमाला शिवारात जाऊन राधेश्यामची सोयाबीनची गंजी कशी पेटवील? पण हे अंबडच्या कोर्टाला सांगणार कोण... कुणी सांगितलंच न्हाई, म्हणून तर भागवतला दोन वर्षांची सजा लागली. बांधावरनं जुनं भांडण, राधेश्यामनं नाव घेतलं, त्याच्याच दोन मेव्हण्यांनी 'आम्ही डोळ्यानं पाह्यलं' म्हणून साक्ष दिली, झालं! आणि इकडं काकासाहेबाच्या तृप्तीच्या लग्नात अख्खं गाव भागवतच्या हातचं जेवलं, त्यातला एक माणूस कोर्टाची पायरी चढला न्हाई. तुम्हाला सांगतो, पाणी कुठंतरी मुरून राह्यलंय.

निकाल लागल्यापासून मी एकेकावर बराबर नजर ठेवून आहे. काकासाहेब घ्या. लग्न ह्याच्या पोरीचं, वाढायला ह्यानंच बोलावला, आणि आता म्हणतो कसा, "अरे, मी पोरीचा बाप, माझं सगळं ध्यान व्याह्याकडं. कुणी वाढलं ते जेवणाऱ्यानं पाहावं." मंग जेवणाऱ्या सोनूबाईला विचारलं. ती पदर तोंडाला लावून, "अगं माय, मी बाईमाणूस, पंगतीत मान वर करून वाढप्याचं तोंड पाहू का?" आणि 'ए भागवत, हिकडं ये' म्हणून दोनदा बुंदी मागून घेतली ती कुणी, म्या? पंगतीत माझ्याच शेजारी जेवलेल्या सोमेश्वरनं तर निकालानंतर घराला रंग दिला. का? तर म्हणे दिवाळी आली. दिवाळी दरसालच येती, रंग याच साली कसा आला? पाणी मुरून राह्यलंय हो...

मी का न्हाई गेलो? हां, विचारा ना. मी गेलोच असतो. पण तीनशे पान उठलेलं, म्हणलं कोर्टात उभं राह्यला तरी जागा भेटल का, उगं गर्दीत आपली भर कशाला.

काल भागवतची बायको, वंदना, आल्ती दारात. कडेवर पोरगी. रडली न्हाई, तेच जास्त लागलं मला. म्हणली, "काका, जालन्याच्या कोर्टात अपील टाकायचंय. वकील म्हणतो माणसं आणा. तुम्हाला ह्यांनीच बुंदी वाढली, एवढंच सांगा."

न्हाई म्हणलो का मी? बिलकुल न्हाई. पण एकटा पुढं झालो की लोक लगेच म्हणणार, ह्याला भागवतनं काय चारलं? आमचं गाव महा शंकेखोर, प्रत्येकाला वाटतं पाणी कुठंतरी मुरतंय. म्हणून म्हणलं, "पोरी, तू आधी दोन माणसं पक्की कर. तिसरा मी. शब्द आहे माझा."

तिनं पोरगी ह्या कडेवरनं त्या कडेवर घेतली.

"काका, वेशीपासनं सगळी घरं फिरून आले. अख्खं गाव तिसराच माणूस व्हायला तयार आहे."

मंग काय करता... म्हणलं, "बस, चहा तरी घेऊन जा."